थांबलेला व्यवहार: अर्धवट कामाच्या स्मृतीचा इतिहास

१/
खात्यातून पैसे वजा झाले, दुकानदाराला मिळाले नाहीत आणि पडद्यावर 'प्रलंबित' एवढाच शब्द उरला, हा अनुभव आज घरोघरी परिचयाचा आहे. त्या एका शब्दामागे साठ वर्षांचा इतिहास उभा आहे. अर्ध्यावर थांबलेले काम कुणी लक्षात ठेवायचे, किती काळ ठेवायचे आणि ते पुरे करायचे की मोडायचे हे कुणी ठरवायचे, या तीन प्रश्नांचा हा इतिहास. 🧵

२/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. एका खात्यातून ५०० रुपये काढणे आणि दुसऱ्या खात्यात ते जमा करणे, या दोन नोंदी मिळून एक व्यवहार होतो. दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, हा त्याचा नियम. संगणकशास्त्रातील 'ट्रान्झॅक्शन' तो हाच. तो पूर्णत्वाला गेला की 'कमिट', मोडून पूर्वस्थिती आणली की 'रोलबॅक'. अडचण आहे ती तिसऱ्या अवस्थेची: पूर्णही नाही आणि मोडलेलाही नाही.

३/
आरंभ विमानप्रवासापासून करावा लागतो. १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्री-अधिकारी आर. ब्लेअर स्मिथ यांची योगायोगाने गाठ पडली. तेव्हा आसनांचे आरक्षण कागदी कार्डांवर चाले. या भेटीतून सुरू झालेल्या बोलण्यांची परिणती 'सेबर' या आरक्षण-प्रणालीत झाली. १९६४ पर्यंत त्या कंपनीचे सारे आरक्षण तिच्यावर आले होते.

४/
आरक्षण हे संवादाने होणारे काम आहे. प्रवासी तारीख सांगतो, मग विचारात पडतो, बदलतो, घरी विचारून येतो म्हणतो. या पिढीच्या आरक्षण-प्रणालींनी प्रत्येक कारकुनासाठी स्मृतीत एक वेगळी जागा राखली. अपुरी नोंद त्या जागेत पडून राही आणि कारकुनाने 'व्यवहार समाप्त' अशी आज्ञा दिल्यावरच मुख्य दफ्तरात जाई. थांबलेल्या व्यवहाराला संगणकात मिळालेले हे पहिल्या काही घरांपैकी एक घर होय.

५/
चार वर्षांनी, १४ ऑगस्ट १९६८ रोजी, कॅलिफोर्नियातील डाउनी येथे एका टर्मिनलवर 'रेडी' हा शब्द उमटला. अपोलो मोहिमेच्या अगणित सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएम, रॉकवेल आणि कॅटरपिलर यांनी मिळून घडवलेली 'आयएमएस' ही प्रणाली कामाला लागली होती. पुढल्या वर्षी, ८ जुलै १९६९ रोजी, म्हणजे अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आठ दिवस आधी, आयबीएमने 'सिक्स' (सीआयसीएस) ही प्रणाली बाजारात आणली.

६/
सिक्सचा जन्म वीज, टेलिफोन अशा सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या गरजेतून झाला. ग्राहकाचा फोन येई, कारकून टर्मिनलवर त्याचे खाते उघडी आणि बोलणे सुरू होई. माणूस बोलतो तेव्हा यंत्र थांबून राहते, आणि माणसाचा एक मिनिट म्हणजे यंत्राचे युग. शेकडो टर्मिनलांमागे शेकडो कार्यक्रम स्मृती अडवून नुसते वाट पाहत बसले, तर त्या काळची चिमुकली स्मृती क्षणात भरून जाई.

७/
यावर निघालेला तोडगा पुढील अनेक दशकांची घडण ठरला. पडद्यावर प्रश्न दाखवला की कार्यक्रम चक्क संपवायचा. जाताना आतापर्यंतच्या संवादाचे सार एका छोट्या गाठोड्यात बांधून ठेवायचे. ग्राहकाचे उत्तर आले आणि कारकुनाने कळ दाबली की नवा कार्यक्रम सुरू करायचा आणि ते गाठोडे त्याच्या हाती द्यायचे. कारकुनाला संवाद अखंड वाटे. यंत्राच्या लेखी मात्र तो अनेक तुकड्यांचा होता.

८/
या युक्तीची किंमत होती. कार्यक्रम संपला की त्याने नोंदींवर लावलेली कुलुपेही सुटत. कारकून ग्राहकाशी बोलत असताना दुसऱ्या टेबलावरचा कारकून तेच खाते बदलून जाऊ शके. पहिल्याचे काम पुन्हा सुरू होई ते शिळ्या माहितीवर. म्हणून परतल्यावर नोंद पुन्हा वाचायची आणि ती मधल्या काळात बदलली का हे पडताळायचे, ही जबाबदारी कार्यक्रम लिहिणाऱ्यावर आली. ज्याने ती विसरली, त्याच्या दफ्तरात एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाखाली निमूटपणे पुसला गेला.

९/
येथून पुढे दोन वाटा दिसतात. थांबताना कुलुपे सोडावीत, तर जग मधल्या काळात बदलते. कुलुपे धरून ठेवावीत, तर जग खोळंबते. थांबलेल्या व्यवहाराचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन वाटांमधली ये-जा होय. कोणत्याही पिढीला यातून फुकटची सुटका मिळालेली नाही.

१०/
या प्रश्नाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत अग्रभागी नाव येते जिम ग्रे यांचे. १९७६ साली त्यांनी आणि आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतील कपाली ईश्वरन, रेमंड लोरी, आयर्विंग ट्रेगर या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात दाखवून दिले की, हवी ती सर्व कुलुपे हाती आल्यावरच पहिले कुलूप सोडायला लागले, तर एकाच वेळी चाललेल्या अनेक व्यवहारांचा परिणाम ते एकामागून एक झाल्यासारखाच येतो. शिस्तीला सिद्धतेचा आधार मिळाला.

११/
दुसरा आधार रोजनाम्याचा. मूळ दफ्तरात बदल करण्याआधी त्या बदलाची नोंद रोजनाम्यात करायची आणि मगच दफ्तराला हात लावायचा. वीज गेली, यंत्र कोसळले, तरी रोजनामा वाचून काय पुरे झाले आणि काय अर्धवट राहिले हे उमगते. रोजकीर्द आधी आणि खतावणी नंतर, हा पेढीवरच्या हिशेबनिसांचा जुना क्रम डेटाबेसच्या पोटात येऊन बसला.

१२/
१९८१ साली ग्रे यांनी व्यवहाराच्या संकल्पनेवर एक निबंध सादर केला. तेव्हा ते टँडम या कंपनीत होते. त्यांनी या संकल्पनेचे मूळ संगणकात नव्हे तर करार-कायद्यात दाखवले. दोन पक्ष कितीही दिवस वाटाघाटी करोत, सही झाली की ते बांधले जातात. परस्परांवर भरवसा नसेल तर मध्यस्थ नेमतात. त्यांनी ख्रिस्ती विवाहविधीचा दाखला दिला: धर्मगुरू दोघांनाही विचारतो, दोघेही होकार देतात, आणि मगच विवाह झाल्याचे घोषित होते.

१३/
त्याच निबंधात त्यांनी आपल्या संकल्पनेच्या मर्यादाही सांगितल्या. प्रवास-संस्थेचे उदाहरण घेतले: विमान, गाडी, हॉटेल, मग पैसे. असा व्यवहार दिवसेंदिवस चालतो. तेवढा काळ कुलुपे धरता येत नाहीत. दोन व्यवहार एकमेकांच्या कुलुपाची वाट पाहत अडकण्याचे प्रमाण व्यवहाराच्या आकाराच्या चौथ्या घाताने वाढते, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे आकार दुप्पट झाला की कोंडी सोळापट. दीर्घ व्यवहार नुसता मंद नसतो. तो इतरांसाठी धोका असतो.

१४/
१९८३ साली थिओ हेर्डर आणि अँड्रियास रॉयटर या जर्मन संशोधकांनी व्यवहाराचे चार गुण 'अॅसिड' या आद्याक्षरांत बांधले: अखंडता, सुसंगती, विलगता आणि टिकाऊपणा. दहा वर्षांनी ग्रे आणि रॉयटर यांनी या विषयावरचा आपला जाडजूड ग्रंथ काढला. त्याचा आरंभ होतो सुमेरपासून. देवाणघेवाणीच्या नोंदी ठेवण्यासाठीच मानवाने लेखनाचा शोध लावला, ही आठवण ते वाचकाला करून देतात.

१५/
आता व्यवहार एका यंत्रात मावेनासा झाला. पैसे एका बँकेच्या यंत्रातून दुसरीच्या यंत्रात जाऊ लागले. यासाठी 'दोन टप्प्यांचे कमिट' ही रीत रूढ झाली. ग्रे यांनी १९७८ च्या आपल्या टिपणांत ती मांडली होती. समन्वयक प्रथम सर्वांना विचारतो, 'तयार आहात का?' सर्वांचा होकार आला की दुसऱ्या टप्प्यात 'पुरे करा' अशी आज्ञा देतो. एकाचाही नकार आला तर सर्वांनी मोडायचे.

१६/
या रीतीतला 'होय' हा शब्द फार जड आहे. होकार देणारे यंत्र आपला बदल रोजनाम्यात पक्का करते आणि त्या क्षणापासून स्वतःच्या मर्जीने मागेही फिरू शकत नाही आणि पुढेही जाऊ शकत नाही. नेमक्या याच वेळी समन्वयक कोसळला तर? वधूवरांनी होकार दिला आणि घोषणेआधी धर्मगुरू बेशुद्ध पडला. विवाह झाला की नाही, हे सांगायला कुणीच नाही. अशा व्यवहाराला 'संशयित' अवस्थेतला व्यवहार म्हणतात. त्याची कुलुपे समन्वयक परत येईपर्यंत लागलेली राहतात.

१७/
अशा वेळी शास्त्र सांगते: थांबा. धंदा सांगतो: ग्राहक रांगेत आहेत. म्हणून प्रत्यक्षातल्या प्रणालींनी एक चोरदरवाजा ठेवला. रात्रपाळीचा माणूस, किंवा आधी ठरवून दिलेला नियम, अदमासाने निर्णय घेई: पुरे करा किंवा मोडा. अदमास चुकला तर एका यंत्रात पैसे वजा आणि दुसऱ्यात जमाच नाहीत, अशी अवस्था येई. तिच्यासाठी मानकांत स्वतंत्र संकेत ठरवावे लागले. गणिताच्या जगात माणसाच्या अंदाजाला मिळालेली ती अधिकृत जागा होती.

१८/
१९९२ साली आयबीएमच्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' ही पुनर्प्राप्तीची पद्धत प्रसिद्ध केली. मोहन हे आयआयटी मद्रासचे पदवीधर. या पद्धतीच्या मुख्य तत्त्वाचे नावच 'इतिहासाची पुनरावृत्ती' असे आहे. कोसळलेले यंत्र उठले की रोजनामा वाचून अपघाताच्या क्षणापर्यंत घडलेले सारे पुन्हा घडवते, अगदी पुढे मोडायच्या कामांसह. मग अपुरे व्यवहार उलटवते. संशयित व्यवहारांना मात्र हात लावत नाही. त्यांची कुलुपे पुन्हा लावते आणि निरोपाची वाट पाहते.

१९/
इथवर पाहिला तो परिस्थितीने लादलेला थांबा. स्वेच्छेने थांबण्याचा इतिहास वेगळा. डिसेंबर १९९१ मध्ये एक्स/ओपन या संघटनेने 'एक्सए' हे मानक प्रसिद्ध केले. व्यवहार आणि तो चालवणारा धागा यांची गाठ सोडण्या-बांधण्याची भाषा त्यात स्पष्ट झाली. व्यवहाराला स्वतःची ओळख मिळाली. धाग्याने 'निलंबित' असा संकेत देऊन त्याच्यापासून दूर व्हायचे, दुसरे काम करायचे आणि 'पुनरारंभ' म्हणत परत यायचे. एका धाग्याने सोडलेला व्यवहार दुसऱ्या धाग्याने उचलण्याचीही सोय त्यात होती.

२०/
बेल प्रयोगशाळेत १९८३ साली आरंभलेल्या टक्सेडो या प्रणालीतही अशा आज्ञा आल्या. १९९० च्या दशकाअखेर जावाच्या सर्व्हरांनी हीच कल्पना सर्वदूर नेली. तेथे निलंबनाची आज्ञा दिली की व्यवहार एखाद्या पावतीसारखा हाती मिळतो, आणि ती पावती परत दिली की तो पुन्हा सुरू होतो. बहुतेक वेळा ही देवाणघेवाण सर्व्हर स्वतःच करतो. कार्यक्रम लिहिणाऱ्याने 'या कामाला नवा व्यवहार हवा' एवढेच लिहायचे.

२१/
नवा व्यवहार कशाला? समजा, कुणी खात्यातून पैसे काढण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. मूळ व्यवहार मोडेल, पण प्रयत्न झाल्याची नोंद राहायला हवी. ती त्याच व्यवहारात केली तर त्याच्याबरोबर पुसली जाईल. म्हणून मूळ व्यवहार निलंबित करायचा, नोंदीचा छोटा व्यवहार स्वतंत्रपणे पुरा करायचा आणि मग मूळ व्यवहार पुढे चालवायचा. फसलेल्या कृतीचाही पुरावा राहावा, ही गरज इतिहासाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागत नाही.

२२/
मात्र निलंबित व्यवहार झोपलेला नसतो. त्याची कुलुपे हातातच असतात. आतल्या नव्या व्यवहाराला नेमकी तीच नोंद हवी असेल तर आतला बाहेरच्याच्या कुलुपाची वाट पाहतो आणि बाहेरचा आतला संपण्याची. स्वतःनेच स्वतःला कोंडलेले. डेटाबेसला ही कोंडी ओळखता येत नाही, कारण तिचा अर्धा भाग सर्व्हरच्या कार्यक्रमात दडलेला असतो. त्याला फक्त एक व्यवहार रेंगाळलेला आणि दुसरा ताटकळलेला दिसतो. अखेर कालमर्यादा संपते आणि काम मोडते.

२३/
आणखी एक भेद महत्त्वाचा. निलंबित व्यवहार केवळ सर्व्हरच्या स्मृतीत जगतो; सर्व्हर कोसळला की तो मोडतो. होकार दिलेला व्यवहार रोजनाम्यात जगतो. तो वीज गेल्यावरही उरतो. आणि उरणे हेही संकट होऊ शकते. पोस्टग्रेसने २००५ मध्ये होकाराची ही सोय दिली. पण कुणी विसरून गेलेला असा एखादा व्यवहार महिनोन्महिने कुलुपे धरून बसू शकतो. २००९ च्या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवूनच दिली जाते. ज्याला ती हवी, त्याने जाणीवपूर्वक चालू करायची.

२४/
दुसरी वाट १९८७ साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी दाखवली. दीर्घ व्यवहाराचे लहान लहान व्यवहार करायचे, प्रत्येक लगेच पुरा करायचा, आणि प्रत्येकासाठी भरपाईची एक उलट कृती आधीच लिहून ठेवायची. विमान मिळाले, हॉटेल मिळाले नाही, तर विमानाचे आरक्षण रद्द करायचे. त्यांनी याला 'सागा' म्हटले. येथे कुलुपे अडून राहत नाहीत. परंतु झालेले 'न झालेले' होत नाही. चूक पुसली जात नाही, तिची भरपाई होते, आणि मधल्या काळात जगाने ती पाहिलेली असते.

२५/
या संकल्पनांना आकार देणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यासाठी ते सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरॅलॉन बेटांकडे एकटेच होडीने निघाले आणि परतले नाहीत. सहकाऱ्यांनी उपग्रहांची छायाचित्रे मिळवली आणि हजारो स्वयंसेवकांनी ती चौकट चौकट करून तपासली. होडी सापडली नाही. पाच वर्षांनी, २०१२ साली, न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.

२६/
शेवटी मूळ अनुभवाकडे. २० सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांसाठी एक परिपत्रक काढले. एटीएममधून रोकड न मिळता पैसे वजा झाले, तर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. यूपीआयवरून एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर मुदत एकच दिवसाची. आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता द्यायची.

२७/
संगणकशास्त्राने या प्रश्नाला कुलूप, रोजनामा, होकार, निलंबन आणि भरपाई अशी उत्तरे दिली. प्रत्येक उत्तराने खोळंब्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेवला: कधी कारकुनाच्या, कधी कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या, कधी रात्रपाळीच्या माणसाच्या, आणि पुष्कळदा खिडकीपुढे उभ्या असलेल्या ग्राहकाच्या. तो भार कुणी वाहायचा हे यंत्र ठरवू शकत नाही. त्या परिपत्रकातले पाच दिवस आणि १०० रुपये माणसांनी ठरवले आहेत.

(समाप्त)